उजवी कळी

वडील आमच्या गावच्या भैरोबाचे गुरव. मेढ्याच्या वर डोंगरात आमचं गाव. गुडघे गेले आणि वडिलांना गाभाऱ्याची पायरी चढवेना. मला भाऊ नाही. मी कराडची कंपनीतली नोकरी सोडून पूजा करावी, असं वडिलांच्या मनात होतं. बाईनं देवाला हात लावावा का, यावर गावात वाद झाला आणि कौल लावायचं ठरलं. देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना पाण्यानं एकेक कळी चिकटवतात. उजवी आधी पडली की देवाचा होकार.

उजवी पडली.

"वारं लय हाय, परत लावा," एक जाणते म्हणाले. दार ओढून घेतलं, परत कळ्या लावल्या. पुन्हा उजवीच.

"कळीच जड आसंल. दुसरी आणा."

माझा कौलावर विश्वास नव्हता. ओल सुकली की कळी पडणारच. खरं सांगायचं तर डावी पडावी असंच मला वाटत होतं. नोकरी राहिली असती. पण ही मंडळी तिसऱ्यांदा कळ्या निवडायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं.

"आवं, तुमी देवाला इचारताय का देवाला शिकवताय?" मी म्हणाले आणि कळशी उचलून आत गेले.

देवाच्या डोक्यावर पाणी ओतलं. पायरीखाली बसलेले वडील म्हणाले, "डोळं पूस त्येचं. पानी जातंय डोळ्यात."

कौलावर माझा अजूनही विश्वास नाही. डोळे मात्र रोज पुसते.