पिंकनीतला सी

मिस ऑर्लीन पिंकनी यांनी एकतीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत काढली. नवरा, मुलगी सगळं असूनही वस्तीच्या रिवाजाप्रमाणे मानाने सगळे त्यांना ‘मिस’च म्हणायचे. रक्ताचा, औषधाचा, गंजाचा, कसलाही डाग असो, त्यांच्या हातून निघाला नाही असं कधी झालं नाही. निघत नव्हता तो एकच, आणि तो त्यांच्याच घरात राहत होता. त्यांचा जावई डेझमंड. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही, पण बाकीचे नऊ निदान घर तरी बदलतात. हा दोन वर्षं ब्राँक्समधल्या त्याच चौथ्या मजल्यावर ठाण मांडून बसला होता. मुलगी व्हर्नेल नर्सिंगच्या परीक्षेला बसली होती. ती परीक्षा झाली की ही दोघं वेगळं बिऱ्हाड करणार होती. नेमकी कितव्या वेळची परीक्षा, ते तेवढं ठरायचं होतं.

डेझमंड आठवडाभर बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे पाय मोजायचा. शनिवारी दुपारी मात्र शाळेच्या आवारात टेबल मांडून, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढून तो तबकड्या वाजवायचा. अख्खं गाणं कधीच नाही. गाणारा दम घ्यायला थांबतो आणि नुसता ड्रम उरतो, तेवढाच तुकडा. तो संपायच्या आत दुसऱ्या तबकडीवर तोच तुकडा, मग पहिलीवर पुन्हा तोच. त्यावर पोरं पाठीवर पडून गरगर फिरायची आणि एक जण माइकवर यमकं जुळवायचा. पुढे जगाने याला हिप-हॉप म्हटलं. ते अठ्ठ्याहत्तर साल होतं, त्याला अजून कोणी नाव ठेवलं नव्हतं. मिस ऑर्लीन त्याला ‘कटकट’ म्हणायच्या.

मे महिन्यात एकदा डेझमंडने फारच नम्रपणे विचारलं होतं, डिंकाने चिकटवलेला कागद खालच्या वस्तूला ओरखडा न पडता कसा काढायचा? जावयाने आपल्या हुन्नराबद्दल विचारलं म्हणून त्या क्षणभर विरघळल्या. कोमट पाणी घे, चमचाभर साबणाचा चुरा टाक, चार तास हात लावू नकोस, नखाने खरवडू नकोस, असं सगळं त्यांनी शिकवलं. कशासाठी हवंय, ते विचारलं नाही. हे न विचारणं पुढे त्यांना डेझमंडपेक्षाही जास्त छळत राहिलं.

कशासाठी ते पुढच्याच आठवड्यात कळलं. पाय सुजवून त्या कामावरून आल्या, तर टबमध्ये काठोकाठ तबकड्या. शंभर-सव्वाशे तरी असतील. पाय कुठे बुडवायचे, तर स्वयंपाकघरातल्या बादलीत. व्हर्नेलने समजावलं की पलीकडच्या गल्लीतला ‘लकी सेव्हन’ नावाचा दुसरा तबकडीवाला दर शनिवारी आपला माणूस पाठवतो. तो टेबलाशेजारी च्युइंगम चघळत उभा राहतो आणि मान वाकडी करून लेबलं वाचतो. सोमवारपर्यंत तीच तबकडी लकी सेव्हनकडे वाजायला लागते. म्हणून सगळी लेबलं काढून टाकायची. मिस ऑर्लीन म्हणाल्या की मोठ्या माणसांनी गोट्यांवरून भांडावं तसं हे आहे, आणि बादलीत आणखी गरम पाणी ओतलं.

महिन्याभराने टबचं पाणी तुंबलं. डेझमंड बघतो म्हणाला, म्हणजे कोणीच बघणार नव्हतं. मिस ऑर्लीन गुडघे टेकून बसल्या आणि केसातली पिन वाकवून जाळीतून लगदा उपसू लागल्या. लाल आला, पिवळा आला, पिस्ता कुल्फीसारखा हिरवा आला. हिरव्यावर निळ्या शाईचा एक ओघळ होता.

त्यांनी तो लगदा तळहातावर घेतला. अशा हिरव्या लेबलाच्या दोनच तबकड्या त्यांनी जन्मात पाहिल्या होत्या.

त्यांचा नवरा रूफस बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता आणि शनिवार-रविवारी ड्रम वाजवायचा. बासष्ट साली एका गाळ्याएवढ्या कंपनीने त्यांच्या वाद्यवृंदाची एक तबकडी काढली आणि प्रत्येक वादकाचं नाव लेबलावर छापलं. रूफसचं चुकलं. पिंकनी आडनावात के-च्या आधी सी असतो, तोच खाल्ला. कंपनी बुडाली, तबकडी कोणी घेतली नाही. पण त्याने दोन प्रती घरी आणल्या, एक आता ऐकायला आणि एक मी गेल्यावर, असं म्हणाला, आणि जेवणाच्या टेबलावर जीभ बाहेर काढून दोन्हींवर निळ्या पेनाने तो सी बसवला. त्याचं नाव छापलेलं असं जगात दुसरं काही नव्हतं. तो वारल्यावर थडग्याचा दगड घ्यायचाही राहूनच गेला होता. आता ते नाव ब्राँक्सच्या गटारात गेलं होतं, तेही मिस ऑर्लीनच्या कृतीने, त्यांच्याच साबणाने. आपलेच दात, आपलेच ओठ. रडू येत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता, आणि तो नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

समोर डेझमंड होता, त्याच्यावर काढला. कपाटातून न विचारता तबकड्या घेतल्यास, निदान नाव तरी वाचलं होतंस का?

“मी लेबलं वाचत नाही, मिस ऑर्लीन. मी रेषा बघतो,” तो म्हणाला. “ड्रम एकटा असतो तिथे रेषांचा रंग पालटतो.” आणि मग, जीभ आवरायची अक्कल नसल्यामुळे, त्याने पुढचंही सांगून टाकलं. ओळखीसाठी व्हर्नेलच्या नेलपॉलिशचे तीन ठिपके दिलेली रूफसची ती जोडी म्हणजे त्याच्याकडची सगळ्यात भारी जोडी होती. ती लागली की पोरं वेडी होतात. लकी सेव्हन महिनाभर शोधतोय, हा ड्रम कोणाचा.

“मग सांग ना त्यांना कोणाचा.”

“सांगितलं तर माझ्याकडे राहिलं काय?”

“तुझ्याकडे होतं काय, बाबा? ते माझं होतं.” त्यांनी हिरवा गोळा टेबलावर त्याच्या ताटाशेजारी ठेवला. “येत्या शनिवारी माइकवर त्याचं नाव घे. सगळ्यांसमोर. नाही तर रविवारी तुझं सामान तुझ्या आईकडे.”

व्हर्नेल मध्ये पडली, रडली, अभ्यास होत नाही म्हणाली. शेवटी डेझमंडने नाव घेतो म्हणून शब्द दिला. मिस ऑर्लीनना या शब्दाची किंमत ठाऊक होती, म्हणून शनिवारी त्या स्वतःच घडीची खुर्ची घेऊन शाळेच्या आवारात गेल्या आणि टेबलाच्या थेट समोर बसल्या. उन्हात, हॅट घालून. शेजारीच तो च्युइंगमवाला उभा होता.

तीन ठिपक्यांची जोडी लागली, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रूफसला एकटं ऐकलं. घरी तबकडी लागली की तो कुरकुरायचा, त्या ट्रम्पेटवाल्याने मला गाडून टाकलंय. इथे ट्रम्पेट नव्हतं. फक्त तो होता, भिंतीएवढ्या स्पीकरमधून, आणि दोनशे माणसं त्याच्या तालावर माना हलवत होती. मिस ऑर्लीन खुर्चीत पुढे सरकल्या. पण लगेच त्या चिडल्या. रूफस प्रत्येक तुकड्याच्या शेवटी थोडा पळायचा. उभ्या आयुष्यात त्याला ते जमलं नाही, त्या टेबलावर बोटं आपटून त्याला आवरायच्या. आणि हा शहाणा नेमका तो पळण्याच्या आधीच कापत होता. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा कापला. नवऱ्याची चूकसुद्धा या पोरांनी त्याच्याकडे राहू दिली नाही.

त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने च्युइंगमवाल्याकडे पाहिलं. मग माइकवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि माइकवाला ओरडला, “हा ड्रम आहे आमच्या घरच्या माणसाचा!” लोकांनी हात वर केले.

आमच्या घरचा माणूस. ना नाव, ना आडनाव. मिस ऑर्लीननी मोठा उसासा टाकला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, त्यालाही मर्यादा असते. त्या उठल्या, पर्स काखोटीला मारली आणि च्युइंगमवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“कागद आहे का तुझ्याकडे?”

तो बिचकला. “कशाला, मॅडम?”

“ज्यासाठी महिनाभर मान वाकडी करतोयस त्यासाठी. लिही. रूफस पिंकनी, ड्रम.”

त्याने खिशातून सिगारेटचं रिकामं पाकीट काढलं, उलगडलं, आणि आतल्या पांढऱ्या बाजूवर लिहू लागला. टेबलामागे डेझमंडने दोन्ही हात डोक्याला लावले. हात डोक्याला गेले, त्यामुळे तबकडी कापायला कोणी राहिलं नाही. तुकडा पुढे सरकला, रूफस पळाला, सगळ्या आवाराचा ताल चुकवून पळाला, आणि मागून ट्रम्पेट आलं.

मिस ऑर्लीनचं तिकडे लक्ष गेलं, बोटं पर्सवर दोनदा आपटली, पण डोळे कागदावरच होते.

“के-च्या आधी सी असतो,” त्या म्हणाल्या. “सगळे तिथेच चुकतात. आण इकडे.” आणि त्याच्या हातातून पेन घेऊन त्यांनी मधल्या चिंचोळ्या जागेत तो सी स्वतः बसवला.