बरणीच्या झाकणाएवढा सूर्य

फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजत होते. भाच्याचा, महादूचा होता. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. मी इंदापुरात घराच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलो होतो. समोर लख्ख ऊन पडलेलं. खोटं कशाला सांगू, सख्खी बहीण गेल्याचं कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज हिनं सूर्य काढला असेल की नाही... रडू नंतर आलं, बारामतीच्या एस.टी.त, खिडकीकडं तोंड करून, शेजारच्याला कळू न देता.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी थोरली. कन्हेरीला दिलेली. भेंडी, वांगी, मिरची अशी तरकारी लावायची आणि बारामतीच्या बाजाराला पाठवायची, असा तिचा उभा जन्म गेला. मी बावड्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. आक्काकडची दुर्बीण मूळची माझी. मोठ्या हौसेनं आणली, गल्लीतल्या यच्चयावत माणसांना चंद्रावरचे खड्डे दाखवले, आणि चार महिन्यांत ती कपाटावर गेली. पेटी, बागकाम, योगासनं हे सगळं माझ्याकडून असंच कपाटावर गेलेलं आहे. सविस्तर यादी बायकोकडं मिळेल.

सहा वर्षांपूर्वी, एका सूर्यग्रहणाला मी ती दुर्बीण कन्हेरीला नेली. दुर्बिणीतून सूर्याकडं पाहायचं नसतं, डोळा कायमचा जातो. दुर्बीण सूर्याकडं रोखून तिच्या मागं पांढरा कागद धरायचा, त्यावर सूर्य आपोआप उमटतो. ग्रहण सुटलं, पोरं पांगली, आक्का कागदापाशीच उभी. "उद्या काय दिसंल?" तिनं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, नुसता गोल. सूर्यावर काळे डाग येतात, पण सध्या तो शांत आहे. डाग हळूहळू वाढतील, मग कमी होतील, आणि साधारण अकरा वर्षांनी पुन्हा असाच शांत होईल. ती म्हणाली, "मग आत्ताच धरलं पायजे. न्हायतर सुरवात कशी कळायची? दत्ता, दुर्बीण हितंच ठिव."

मला वाटलं, आठ दिवस टिकेल. मी आपल्यावरून जग ओळखत होतो.

भेंडीचा तोडा झाला की सकाळी नऊच्या सुमाराला ती अंगणात तिपाई मांडायची. बाजाराचं रिकामं क्रेट आडवं ठेवून त्यावर पोतं टाकायची, म्हणजे आत अंधार होई आणि कागदावरचा सूर्य ठसठशीत उमटे. लोणच्याच्या बरणीचं झाकण ठेवून कागदावर गोल काढायची आणि सूर्य त्या गोलात नेमका बसेपर्यंत क्रेट मागंपुढं सरकवायची. डाग असेल तिथं पेन्सिलीनं काळं करायचं, तारीख घालायची, झालं. ढग असले तर "बघितलं न्हाय" असं लिहायचं. पहिले कित्येक महिने कागदावर गोलाशिवाय काहीही नव्हतं. तिचा दीर दारात उभा राहून म्हणायचा, "वहिनी, रिकामा गोल काढाया दुर्बीण कशाला लागती?" आक्का मान वर न करता सांगायची, "रिकामा हाय का न्हाय ते बघाया." एका सकाळी मला फोन आला, "आलाय." मी विचारलं, कोण पाहुणा? "डाग रं! मोहरीएवढा हाय, पन हाय."

एकदा मात्र तिची फजिती झाली, आणि खरं म्हणजे तिच्याहून जास्त माझी. सलग नऊ दिवस एकच डाग एकाच जागी. डाग सूर्याबरोबर फिरतात, तेरा-चौदा दिवसांत या कडेकडून त्या कडेला जातात, हे मीच तिला शिकवलेलं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी फोनवर अर्धा तास काहीतरी विद्वत्तापूर्ण ठोकून दिलं. दहाव्या दिवशी तिचा फोन. "दत्ता, सूर्य गोलातनं सरकला तरी डाग जागचा हलंना. भिंग पुसलं, तर डागच गेला." मिरचीवर मोरचुदाची फवारणी केली होती, त्याचा एक थेंब भिंगावर वाळून बसला होता! तिनं ते नऊ कागद टाकले नाहीत. प्रत्येकावर लिहिलं, "ह्यो औषधाचा डाग. सूर्याचा न्हाय." मी मात्र इंदापुरात चार जणांना त्या दुर्मिळ डागाची हकिगत सांगून बसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा बारामतीला डायलिसिस. त्यासाठी हाताच्या शिरेचं छोटं ऑपरेशन झालं, तेव्हा चार दिवस तिनं सूर्य माझ्या हवाली केला. मी दोन दिवस कन्हेरीला राहून इमानदारीत काढला. मग कंटाळलो, घरी आलो, आणि उरलेले दोन दिवस मोबाइलवरचे सूर्याचे फोटो बघून डाग काढून टाकले. दवाखान्यातून आल्याबरोबर तिनं कागद मागितले. पाहिले, आणि माझ्याकडं असं काही पाहिलं, की मी सहावीतला पोर झालो.

"दुसऱ्या दिसाला ह्या अंगाला असल्याला डाग तिसऱ्या दिसाला त्या अंगाला कसा गेला?"

आमच्या कागदावर सूर्य उलटा पडतो. मोबाइलवरचा सुलटा असतो. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

"तू हितं व्हतास का?"

"नव्हतो, आक्का."

"मग बघितलं न्हाय म्हनून लिहायचं. त्यात लाज न्हाय. ह्यात हाय." आणि तिनं माझे ते दोन सूर्य आडवी रेघ मारून रद्द केले. मला राग आला होता, हेही सांगून टाकतो. महिनाभर मी तिला फोन केला नाही. डागांपायी बहीण भावाला चोर ठरवते, असं घरात म्हणत फिरलो. आज त्या महिन्याची हळहळ वाटते, दुसऱ्या कशाची नाही.

डायलिसिसला तिला सकाळची पाळी दिली होती. तिनं तिथल्या सिस्टरला सांगितलं, "बाई, सकाळी मला काम असतंय, दुपारचं बघा." मिळाली नाही. मग ती रोज जाऊन दारात बसायला लागली, आणि पंधरा दिवसांत दुपारची पाळी पदरात पाडून घेतली. अंगावर सूज, पायात गोळे, तरी नऊ वाजता क्रेट आडवं पडायचंच. शेवटच्या भेटीत तिनं मला विचारलं होतं, "सूर्य निजायला अजून किती दिस?" मी म्हणालो, पाचेक वर्षं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि विषय बदलला. एवढी वर्षं आपल्या हातात नाहीत, हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं. मी मूर्खासारखं म्हणालो, होईल गं पूर्ण. ती हसली.

ती गेली त्या सकाळचा कागद नाही. तोडा करतानाच ती मिरचीच्या सरीत बसली आणि उठली नाही.

तेराव्याला मी कन्हेरीला गेलो तेव्हा दुर्बीण घरी घेऊन यायची, असं ठरवूनच गेलो होतो. का, ते मलाही धड माहीत नव्हतं. आठवण म्हणून म्हणा. पुन्हा कपाटावरच गेली असती. जेवणं उरकल्यावर तिची सून मनीषा आतून एक क्रेट ओढत घेऊन आली. वर पोतं बांधलेलं. सोडलं, तर कागदच कागद. प्रत्येकावर बरणीच्या झाकणाचा गोल. तारीख नाही, डाग नाही, नुसते गोल. शेकडो... तळापर्यंत.

"ह्ये कवा काढलं?" महादूनं विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"डायलिसिसला," मनीषा म्हणाली. "चार चार तास पडून असायच्या. एका हातात सुया. मी झाकन दाबून धरायची, त्या दुसऱ्या हातानं फिरवायच्या. खेपंला पाच-सा तरी व्हायचं. मी म्हनलं, आत्या, एवढं गोल कुनासाठी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि सांगावं की नको अशी घुटमळली.

"सांग की," मी म्हणालो.

"म्हनल्या, दत्तासाठी. त्याला गोल काढायचा कटाळा हाय. गोल आयतं दिलं, तर डाग काढंल."

मी ते क्रेट एस.टी.च्या टपावर टाकू दिलं नाही. मांडीवर घेऊन इंदापूरला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गच्चीवर तिपाई मांडली. मधले तेरा दिवस मी बघितलेलं नव्हतं, तसं लिहिलं. मग वरचा एक कागद उचलला, सूर्य तिच्या गोलात बसवला आणि डाग मोजले. पाच होते.