स्टेनोअण्णांचा ‘इल्ला’

आमदार दिसला की स्टेनोअण्णांना खोकला यायचा. अगदी खरा, ठसका लागेपर्यंत! विधानसभेकडे हनुवटी उडवून म्हणायचे, "पाच वर्षांचे पाहुणे, आणि घर विकायला निघालेत मेले."

अण्णा समोरच्याच हायकोर्टात स्टेनो होते आणि के. आर. पुरमच्या वस्तीत आमचे शेजारी. मला शॉर्टहँड त्यांनीच शिकवलं. "ऐकलं ते लिहायचं. आपलं डोकं मध्ये घालायचं नाही. चुकलीस बघ, स्वल्प, जरा कान उघडे ठेव गं!"

आमच्या वस्तीमागचं तळं बुजवून घरं बांधायचा घाट आमदाराने घातला, तेव्हा वस्ती कोर्टात गेली आणि जिंकली. निकाल अण्णांनीच टाइप केला होता, पण घरी चकार शब्द काढला नाही. निकाल जाहीर झाल्यावर मात्र बायकोकडून, म्हणजे आमच्या अक्कांकडून, चिरोटी करवून गल्लीभर वाटली.

महिन्याभरात त्या दळभद्र्यांनी कायदाच बदलायला घेतला. म्हणे तिथे तळं नव्हतंच, पहिल्यापासून नव्हतं! अण्णा रजा टाकून मला घेऊन प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले. खाली निम्मी बाकं रिकामी, उरलेले जांभया देत होते. अध्यक्षांनी बाजूचे विचारले, पाचसहा जण कानडीत "हौदु", म्हणजे हो, म्हणाले. विरोधातले विचारले, सगळे गप्प. आणि माझ्या शेजारून अण्णा कडाडले, "इल्ला!" नाही!

मार्शलांनी आम्हाला बाहेर काढलं. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या माणसाकडून माफीनामा मागितला गेला. अण्णांनी तोही स्वतःच टाइप केला, एकही चूक न करता.

त्यांना लागलं ते वेगळंच. छापील कामकाजात आलं, ‘विधेयक एकमताने मंजूर.’ "अगं, मी ओरडलो ना? तू ऐकलंस ना?" असं दिवसातून तीनदा विचारायचे. वस्ती पुन्हा कोर्टात गेली. तिथे नुसत्या तारखा पडत राहिल्या आणि इकडे तळ्यात भराव. "आमचे साहेब तरी कुठले शहाणे?" म्हणत अण्णा खोकायचे. दोन वर्षांत ते गेले.

तेराव्याला एक अनोळखी गृहस्थ आले. विधानसभेतले स्टेनो. त्यांनी वहीचं जुनं पान माझ्या हातात ठेवलं. "छापताना वरून कापायला लावलं हो. मी लिहिलं होतं."

शॉर्टहँडमधली शेवटची ओळ मला सहज लागली. ‘गॅलरीतून एक आवाज: इल्ला.’ अक्का आत होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणून मी ती मोठ्याने वाचली.