कावळा कुणाच्या बोलण्यानं आला

बायको गेली आणि सुतकातच एक माणूस दारात आला. साधा शर्ट, साधी पँट. बोलला, "मी कस्टममधून आलोय. तुमच्या मिसेसना सरकारचं बक्षीस आहे."

मला वाटलं, फसवणारा हाय. बोललो, "ती मेली. आता काय तिला कप देताय?"

त्यानं दार लोटलं नि हळू आवाजात सांगितलं. न्हावा शेवाच्या रस्त्याला ज्या गोडाऊनात ती पॅकिंगला जायची, तिथं परदेशातून माल यायचा. कागदावर जुने कपडे, पेट्यांत नवेकोरे बूट. सरकारचा कर बुडायचा. ही खबर हिनं दिली. नियमच हाय म्हणे, पकडलेल्या चोरीतला वाटा खबर देणाऱ्याला. तो मेला तर वारसाला. "नाव गुप्त राहील. तुम्हीपण कुठं बोलू नका. विचार करा, मी परत येतो."

मी चौथी शिकलेला माणूस. हा माझ्याच बायकोबद्दल बोलतोय का, तेच मला कळेना. उभा जन्म एका चुलीवर जेवलो आणि मला पत्ता न्हाय. माझं तोंड फाटकं म्हणून सांगितलं न्हाय? व्हय, हाय फाटकं. तरी पण.

मागं, ही असतानाच, धाड पडली तेव्हा गोडाऊनला टाळं लागलं नि गावच्या बायका घरी बसल्या. आमची शेजारीणही. विधवा बाई, माझ्या बायकोबरोबर एकाच रिक्षानं कामाला जायची. आमच्या ओट्यावर बसून रोज बोलायची, "ज्यानं सांगितलं त्याची जीभ झडो!" मी पण त्यात माझी एखादी शिवी घालायचो. बायको चहा गाळत विचारायची, "साखर टाकू का आणखी?"

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळे सुरूच्या झाडावर, एकही खाली येईना. मग आमच्यात एकेकानं मेलेल्याची इच्छा ओळखायची नि शब्द द्यायचा. तिचा भाऊ बोलला, "भाचीचं माहेर तुटू देणार न्हाय." कावळा हलला न्हाय. माझा चुलत भाऊ बोलला, "याची दारू सोडवतो." लोक हसले. कावळा हलला न्हाय. मी मनात बोललो, बक्षीस घेतो. न्हाय आला. बरं, घेत न्हाय. तरी न्हाय.

"अगं मग करू तरी काय?" मी ओरडलोच.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात शेजारीण पुढं झाली. "वयनी, माझं चाललंय गो. कोलंबी सोलायला जाते मी. माझी काळजी करू नको."

कावळा उतरला नि चोच लावून गेला.

"हिची कसली काळजी होती तिला?" लोक एकमेकांना विचारत होते. मी खाली वाळूत बसलो.

तेव्हापासून शेजारीण मला भाकरी आणून देते. आज ताट ठेवताना पुन्हा तेच. "गोडाऊन असतं तर हात असे सोलले नसते, दादा. सांगणाऱ्याची जीभ झडो!"

ती जीभ मीच जाळून आलोय.

उद्या कस्टमवाला येणार. मी बक्षीस घेणार, आणि या शेजारणीलाच देणार. पण काय सांगून? खरं बोललो तर बायकोला मेल्यावर शिव्या. खोटं बोलावं, तर खोटं सहन झालं न्हाय म्हणून तर ती गेली होती सांगायला.

"बस जरा," मी बोललो.

ती बसली. "काय वो दादा?"

मी तोंड उघडलं. चूल पेटवली, आधण ठेवलं, चहा गाळला.

"साखर टाकू का आणखी?" मी विचारलं.