ताईंची नऊ अंडी

आमच्या दारात अंडी मागायला आलेली बाई कधी रिकाम्या हाताने परत गेली नाही, आणि त्या अंड्यांतून कधी एक पिल्लू निघालं नाही. दोन्ही गोष्टी माझ्या सासऱ्यांच्या हुकमाने व्हायच्या. हुकूम त्यांचा, हात माझा.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. गोरेगावात सून म्हणून आले तेव्हा शेतापेक्षा त्यांच्या कोंबड्यांचंच नाव जास्त होतं. लाखी रंगाच्या कोंबड्या. नुसत्या तांबड्या नव्हेत, जुन्या वाळलेल्या मिरचीला जी काळपट झाक येते तसा रंग. मान लांब, पाठ सरळ, शेपूट खाली, पाय पिवळे आणि जाड, आणि डोक्यावरचा तुरा वाटाण्याएवढा. ही जात त्यांनी विकत आणली नव्हती. एक कोंबडा आणि दोन कोंबड्यांपासून निवडत निवडत अर्धं आयुष्य घालवून केली होती. कोणती कोंबडी कोणाची लेक हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाची चिंधी असायची. बाप-लेकीचा जोड ते लागू देत नसत.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याची परीक्षा. सकाळच्या कोवळ्या उन्हात मामा त्याचे पंख उलगडून बघायचे. एक जरी पांढरं पीस दिसलं, किंवा तुरा उभा निघाला, की त्याचं कालवण. पहिल्या वेळी मी रडले होते. "रडून काय व्हतंय?" मामा म्हणाले. "आज दया केली की उद्या समदं खुराडं बिघडंल."

"रंग डोळ्यानं बघायचा, अंग हातानं," असं ते सांगायचे. माझे डोळे मिटायला लावून कोंबडी हातात द्यायचे. छातीचं हाड, मांडी, नळी, तुरा. वर्षभरात मी न बघता सांगू लागले. माहेरी मला कुणी शहाणी म्हटलेलं आठवत नाही. मामा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझ्यामागं ही सांभाळंल." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगले.

आता सुईचं सांगते. कोंबडीखाली बसवायला अंडी मागणाऱ्या बाईला नाही म्हणू नये, तिच्या घरची वाढ अडते, असं आमच्याकडे मानतात. मामाही नाही म्हणत नसत. पण मी सून म्हणून येण्याआधी एका माणसाने त्यांची अंडी नेली, पिल्लं सरकारी वाटपात मिळालेल्या पांढऱ्या कोंबड्यांत मिसळली आणि ती भेसळ मामांच्या नावावर बाजारात विकली. तेव्हापासून खुराड्याच्या चौकटीत एक सुई खोचलेली असे. अंड्याच्या जाड टोकाला टोचायची, भोकावर राखेचं बोट फिरवायचं. बाई खुशीत अंडी घेऊन जायची, तिची अंड्यांवर बसायला आलेली खुडूक कोंबडी एकवीस दिवस मुकाट बसायची, आणि शेवटी सडकी अंडी उकिरड्यावर जायची. मग दोष कधी ढगाच्या गडगडाटाला, कधी कुणाच्या सावलीला, कधी त्या गरीब कोंबडीला. मामा गालात हसायचे. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटायची.

मामांची एकुलती लेक, माझी नणंद, वसमतला दिलेली. मी त्यांना ताई म्हणते, आणि ताई वडिलांना दादा म्हणायच्या. तोंडाने फटकळ, मनाने मोकळ्या. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्या दिवाळीला ताई माहेरी आल्या. अंगणात शेजारच्या बायका जमल्या होत्या, मी एक खुडूक कोंबडी टोपल्यात बसवत होते. ताई हसत म्हणाल्या, "वहिनी कोंबड्या कशा बराबर बसवते! तिचं सोताचं तेवढं जमंना."

बायका हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी निघताना ताईंनी अंडी मागितली. मामांनी मला बाजूला घेतलं. "नऊ दे. निवडून दे. अन् हिच्या अंड्याला सुई लावू नको, बरं का. एका घरी तरी आपली जात राहू दे."

मी नऊ अंडी निवडली, चांगली, एकसारखी. आणि नऊच्या नऊ टोचली. प्रत्येक भोकावर नेहमीसारखं राखेचं बोट फिरवलं.

महिन्याने ताईंचा फोन आला. "दादा, आठ निघाली! एकच वाया गेलं." मामांनी ही बातमी गल्लीभर सांगितली. मी चक्रावले. सुई नीट लागली नसेल, असं मनाशी म्हटलं. आधी राग आला, मग सुटल्यासारखं वाटलं. जे सोयीचं असतं ते माणूस लवकर खरं मानतं.

पुढे दोन वर्षांनी मला मुलगी झाली. माझ्या आईला जमलं नाही, तेव्हा ताई वसमतहून आल्या आणि सव्वा महिना राहिल्या. माझं अंग त्यांनी स्वतः चोळून दिलं, लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. सांगावं असं कितीदा तोंडाशी आलं. पण आठ पिल्लं निघालीच होती ना, मग उगाच कशाला, म्हणून गिळून टाकलं.

वर्षं गेली. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, ऑपरेशन नको म्हणून ते अडून बसले, आणि दिसायचं जवळजवळ बंद झालं. मग एका उन्हाळ्यात गावात मानमोडी आली. माना वाकड्या करून कोंबड्या गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. शेवटचा कोंबडा मामांच्या मांडीवर गेला. त्याच्या पायातली चिंधी सोडून त्यांनी खिशात ठेवली. तीन दिवस ते धड जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तयार. "वसमतला हाये की आपली जात! चल पोरी, एक जोड घेऊन येऊ."

आम्ही येतोय हे सांगायला मी ताईंना फोन केला. ऐकून त्या रडायलाच लागल्या. "वहिनी, दादाला कसं सांगू? त्या अंड्यांतून काहीच निघालं न्हाई. नऊच्या नऊ सडली. दादाला वाईट वाटंल म्हणून मी आठ सांगितली. तवापासून एकबी कोंबडी बसवली न्हाई मी. सासू म्हणायची, तुझ्या हाताला यशच न्हाई. खरं हाये ते."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बघू काहीतरी."

ताईंनी आठवडी बाजारातून एक तांबडा कोंबडा आणि कोंबडी आणून ठेवली. आम्ही जीपने हिंगोली आणि तिथून एसटीने वसमत गाठलं. गल्लीत कुणाच्या तरी अंगणात हळद वाळत होती. मामा बाजेवर बसले. ताईंनी कोंबडा त्यांच्या हातात दिला.

मामांनी मानेवरून हात फिरवला. मग पाठ. मग छातीचं हाड, मांडी, पायाची नळी. शेवटी तुरा. पुन्हा एकदा पहिल्यापासून. मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं, कारण त्याच बोटांनी मला शिकवलं होतं. पाठ बाकदार होती, तुरा उभा आणि करवतीसारखा होता. आमच्या घरी असा कोंबडा तीन महिन्यांपलीकडे जगला नसता.

"व्हय," मामा म्हणाले. "आपलीच हाये. चांगली सांभाळली पोरी."

ताई त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडल्या. मामा म्हणाले, "जोड इथंच राहू दे. आता माझ्याच्यानं होत न्हाई."

परतीच्या एसटीत मामा म्हणाले, "ती आपली नव्हती."

"व्हय, मामा."

"समद्या गावाला सुई लावली मी. म्हणून आज कुठं काही उरलं न्हाई. एक घर सोडलं व्हतं. लेकीचं. पण तिच्या हाताला यश न्हाई, काय करणार?"

त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, तरी मी खिडकीकडे वळले आणि हिंगोली येईपर्यंत बाहेर बघत राहिले. त्यानंतर सहा महिन्यांत मामा गेले.

वर्षश्राद्धाला ताई आल्या होत्या. माझ्या मुलीने हौसेने साध्या गावठी कोंबड्या पाळल्या आहेत, त्यातली एक खुडूक झाली होती. ती म्हणाली, "आत्या, आज तू आलीच आहेस तर तुझ्या हातानंच अंडी बसव." ताईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको गं बाई. माझ्या हाताला यश न्हाई."

ते हात बघून मला राहवेना. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण मी किती वर्षं झाकून बसले होते! मुलीला पाणी आणायला आत पाठवलं, चौकटीतली गंजलेली सुई उपटली आणि ताईंना सगळं सांगितलं, एसटीतलं मामांचं बोलणंसुद्धा.

त्यांनी शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "काहून?"

मी त्यांचं दिवाळीचं बोलणं सांगितलं. त्यांना ते आठवेना. "मी म्हणले असं?" दोनदा विचारलं. मी म्हणले असंल तर वाईट केलं, असंही म्हणाल्या. मग भिंतीला टेकून खाली बसल्या. "दादा मला कमनशिबी समजून गेला, वहिनी. आता त्याला कोण सांगंल?"

सुई उकिरड्यावर टाकून मी त्यांच्याजवळ बसले.

थोड्या वेळाने त्या उठल्या. मुलीकडून टोपलं घेतलं, भुसा पसरला, आणि स्वतःच्या हाताने मोजून नऊ अंडी कोंबडीखाली ठेवली. चहा न घेता दुपारच्या जीपने गेल्या.

एकविसाव्या दिवशी नऊच्या नऊ निघाली. मी लगेच ताईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. संध्याकाळी पुन्हा लावला, दुसऱ्या दिवशीही.

पिल्लं आता तीन महिन्यांची झाली आहेत. रंगाचा मेळ नाही, एकाचा तुरा वाकडा, दोघांच्या पंखात पांढरी पिसं. एकही कापू दिलेलं नाही. ताईंनी अजून फोन उचललेला नाही.