पाहुण्या संघाचा हेवा

माझ्या मुलीने मला न विचारताच फेराइनच्या यादीत आमचं नाव लिहून टाकलं होतं. फेराइन म्हणजे तिचा इथला फुटबॉल क्लब. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटांच्या देशाचा मुलींचा संघ, सतरा वर्षांखालचा, ईस्टरच्या सुट्टीत सरावासाठी जर्मनीत येणार होता. त्यातला एक आठवडा आमच्या ब्राउनश्वाइगमध्ये. मुलींना घरोघरी उतरवायचं ठरलं होतं.

"दोघी आपल्याकडे येतायत," ती म्हणाली. म्हणजे जर्मनमध्ये म्हणाली. मी तिच्याशी मराठीत बोलतो, तिला सगळं कळतं, आणि उत्तर जर्मनमध्ये येतं. आईशी, म्हणजे माझ्या बायकोशी, मात्र ती मराठीत बोलायची. आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

त्या आठ महिन्यांत आम्ही दोघं आईविषयी एकदाही बोललो नव्हतो. पिवळी कचरापेटी कोणत्या दिवशी बाहेर ठेवायची, दूध संपलंय का, गणिताची परीक्षा कधी, यावर बोलत होतो. ती एक दिवस माझ्यापाशी येऊन रडेल अशी मी वाट पाहत होतो. रोज संध्याकाळी पुस्तक उघडून बसायचो आणि तिच्या खोलीचं दार वाजलं की कुठलं वाक्य वाचत होतो ते विसरायचो. ती यायची, फ्रिज उघडायची, काहीतरी काढून परत जायची.

पाहुण्या आल्या त्या दिवशी ती त्यांना आणायला स्टेशनवर गेली आणि मी घर आवरायला घेतलं. तेव्हा मी एक गोष्ट केली. हॉलमधला बायकोचा फोटो, चंदनाच्या हारासकट, भिंतीवरून काढला, तिच्याच एका ओढणीत गुंडाळला आणि कपाटात ठेवला. आमच्याकडे पाहुण्यांपुढे आपलं दुःख मांडत नाहीत. इतक्या लांबून आलेल्या पोरींना दारातच एका गेलेल्या बाईला सामोरं जावं लागू नये, एवढाच माझा विचार होता. तो मला तेव्हा अगदी सभ्य वाटला.

मुलगी आत आली, तिने रिकामा खिळा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांना बूट कुठे काढायचे ते दाखवायला लागली.

एक गोलकीपर होती, उंच, हसली की खांदे हलणारी. दुसरी चणीने बारीक, विंगवर खेळणारी. दोघींना थंडी सोसत नव्हती. एप्रिलमध्येही त्या घरात टोपी घालून बसत. नकाशात त्यांचा देश शोधताना त्यांनी माझं बोट धरून योग्य जागी नेलं आणि माझ्या बोटाखाली तो अख्खा झाकला गेला. "अंकल, आता बोट उचला, सगळे गुदमरतील," गोलकीपर इंग्रजीत म्हणाली. माझी मुलगी हसली. तिचं ते हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की ते मला उद्देशून नव्हतं.

तिथून सुरुवात झाली. वरच्या खोलीतून तिघींचा आवाज यायचा आणि मी जिन्याखाली उभा राहायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली हाइट्सुंगवर, म्हणजे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर, वितळायला ठेवलेली होती, आणि गोलकीपर सोफ्यावर बसून, खाली बसलेल्या माझ्या मुलीच्या डोक्याला तेल चोळत होती. मुलीचे डोळे मिटलेले होते. बायको गेल्यानंतर महिन्याभराने मीही विचारलं होतं, "तेल लावून देऊ का?" तेव्हा "नी, बाबा", म्हणजे नको, एवढंच उत्तर आलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा जरुरीपेक्षा बारीक चिरला.

त्या रात्री जेवताना गोलकीपरने सरळ विचारलं, "तुझी आई कुठे असते?"

मी बोलायच्या आत मुलगी उठली. कपाट उघडलं. फोटो कुठे असेल हे तिला शोधावं लागलं नाही. तिने ओढणी सोडली आणि फोटो टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. "ही," ती म्हणाली.

दोघींनी चमचे खाली ठेवले, हात पुसले आणि उठून उभ्या राहिल्या. मग एकेकीने फोटोला आपली ओळख करून दिली. आपलं नाव, आईवडिलांची नावं, कुठल्या बेटावरची, संघात कुठे खेळते. बारीक मुलगी म्हणाली, "तुमच्या घरात झोपते आहे, तुमची उशी वापरते आहे, थँक यू. डाळ छान झाली आहे, थोडी तिखट आहे." मग खाली बसून त्या परत जेवायला लागल्या. जणू घरातल्या मोठ्या माणसाला नमस्कार करायचा राहिला होता, तो करून झाला.

मी हातात डाव घेऊन तसाच उभा होतो. आठ महिने मी रोज त्या फोटोची काच पुसत होतो. त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. आणि ह्या काल आलेल्या पोरी तिला डाळीबद्दल सांगत होत्या.

शनिवारी मैत्रीपूर्ण सामना होता, पाहुण्यांचा आमच्या फेराइनशी. पाहुण्यांच्या तिघी सर्दीतापाने आडव्या झाल्या होत्या, म्हणून खेळाडू उसने घ्यायचं ठरलं आणि माझी मुलगी त्यांच्याकडून खेळणार होती. मी गेलो. मुलीच्या सामन्याला जायची ही माझी पहिलीच वेळ. शनिवारच्या सकाळी बायको जायची. घर शांत मिळतं म्हणून मी वाचत बसायचो. ही व्यवस्था दहा वर्षं चालली आणि आम्हा तिघांनाही ती सोयीची आहे अशी माझी समजूत होती.

संघाबरोबर एक पन्नाशीच्या बाई होत्या. किट, औषधं, जेवण, सगळं त्या बघत. मुली त्यांना जे म्हणत त्याचा अर्थ मावशी असा होता. मी कठड्यापाशी उभा होतो, कोटाच्या खिशात पुस्तक. त्या शेजारी आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "सामना कंटाळवाणा होणार आहे अशी तुमची खात्री दिसते."

मी पुस्तक आत ढकललं. "सवय आहे."

"तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"मुलीच्या."

"म्हणजे हरणाऱ्यांच्या. या, आमच्यात या."

तेवढ्यात मैदानात मुली गोल करून उभ्या राहिल्या, खांद्यांवर हात टाकून. मावशींनी सांगितलं, सामन्याआधी त्यांच्यातली प्रत्येक जण एका गेलेल्या माणसाला बरोबर आणते. आजोबा, भाऊ, शेजारीण, कोणीही. त्या माणसाबद्दल मोठ्याने दोन वाक्यं बोलायची, ज्याच्या त्याच्या भाषेत, कारण मेलेल्या माणसाला कुणाचीही मध्यस्थी लागू नये. गोल माझ्यापासून फार लांब नव्हता. एकेक आवाज येत होता, मला न कळणारा. मग एक वाक्य कळलं.

"ही माझी आई," माझी मुलगी मराठीत म्हणाली. "दर शनिवारी यायची. तिला ऑफसाइड शेवटपर्यंत कळला नाही, पण पंचांशी भांडायची."

तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी तिचे खांदे दाबले. त्यांच्यापैकी एकीलाही त्यातला एक शब्द समजला नव्हता. समजणारा मी कठड्याच्या अलीकडे होतो.

मला लिहायला संकोच वाटतो, पण त्या क्षणी मला दुःख झालं नाही. हेवा वाटला. ती वाक्यं माझ्या हक्काची होती असं वाटलं. मग त्याहून वाईट गोष्ट ध्यानात आली. ती माझ्या हक्काची नव्हतीच. बायको पंचांशी भांडायची हे मला ठाऊक नव्हतं. घरी ती कुणाशी आवाज चढवून बोलत नसे. मला त्या पोरींचा हेवा वाटत होताच, आता बायकोचाही वाटू लागला. दहा वर्षांचे शनिवार तिने एकटीने घेतले होते. मेलेल्या बायकोचा मत्सर करणारा माणूस कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण मावशींना दिसलं असावं.

"तुमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दल बोलत नाहीत का?" त्यांनी विचारलं. "पाप लागतं?"

"लागत नाही."

"मग?"

"मुलगी लहान आहे. विषय काढला तर रडेल."

"रडू दे की," त्या म्हणाल्या. "टॉवेल आहेत." आणि किटची पिशवी थोपटली. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुमच्यासाठी पण आहे एक."

पाहुणा संघ सहा गोलांनी हरला. गोलकीपर प्रत्येक गोलनंतर चेंडूला रागावत होती.

संध्याकाळी सगळ्या मुली बसने क्लबच्या जेवणाला गेल्या. माझी मुलगी दमली होती, तिला घरी यायचं होतं. आम्ही ट्राममध्ये शेजारी बसलो. तिच्या पोटरीवर चिखल वाळला होता. तीन स्टॉप नेहमीप्रमाणे मी वाट पाहत होतो, तिने बोलावं म्हणून. मग मला उमगलं, की वाट पाहण्याखेरीज मी आठ महिन्यांत काही केलंच नव्हतं.

"मला त्या मुलींचा हेवा वाटला," मी म्हणालो.

तिने मान वळवली. "त्यांचा?" जर्मनमध्ये. "सहा-शून्य, बाबा."

"तू त्यांना आईबद्दल सांगितलंस. मला नाही."

"तू फोटो कपाटात ठेवलास."

"पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून."

"हो," ती म्हणाली. "पण मला काय वाटलं?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. ट्राम वळणावर करकरली. मग मी म्हणालो, "आईचाही वाटला हेवा. ती पंचांशी भांडायची हे मला माहीतच नव्हतं."

"तुला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण आणखीही काहीतरी होतं, ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं तो ते मुद्दाम थोडं रोखून धरतो, तसं. "छत्रीचं माहीत आहे?"

"नाही."

मग ती सांगायला लागली, जर्मनमध्येच. सहावीत असताना, पावसात, वोल्फेनब्युटेल गावच्या मुलींशी सामना. समोरचा संघ सारखा चढाईवर, त्यामुळे त्यांची गोलकीपर आपल्या जाळ्यापुढे एकटी उभी, भिजत. आई छत्री घेऊन मैदानाला वळसा घालून गेली आणि तिच्या डोक्यावर धरून उभी राहिली. पंचाने शिट्टी मारून खेळ थांबवला. आई त्याला म्हणाली, मुलगी आजारी पडली तर तिच्या आईला काय तुम्ही उत्तर देणार?

"मग?" मी म्हणालो.

"मग तो म्हणाला, बाई, चेंडू तुम्हाला लागेल. तर ही म्हणते, लागू दे."

सांगता सांगता तिला हसू आलं आणि मध्येच ते रडणं झालं. मावशींचा टॉवेल आमच्याजवळ नव्हता, मी मफलर दिला. ऐकताना माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. त्या पावसात मी घरी काय वाचत होतो, ते आठवायचा मी प्रयत्न करत होतो, आणि आठवत नव्हतं.

खिडकीबाहेर आमचा स्टॉप आला. दारं उघडली, बंद झाली. तिला दिसलं नाही. मला दिसलं, पण मी उठलो नाही.

"आणि वोल्फेनब्युटेलच्या त्या गोलकीपरची आई?" मी विचारलं. "ती आली होती का तिथे?"