प्रार्थनेची घंटा झाली की बसायचं

न्यू जर्सीत आयसेलिनला आमच्या ग्रुपचं पॉटलक जेवण असलं की कुणीतरी अमेरिकेतल्या पहिल्या दिवसांचा विषय काढतंच. मग प्रत्येकाचा पहिला स्नो, पहिली गाडी, पोलिसाने दिलेलं पहिलं तिकीट! माझ्या अमेरिकेत मात्र स्नो नव्हता, नारळ होते. अमेरिकन सामोआ. पॅसिफिक महासागरात, झेंडा अमेरिकेचा, बाकी सगळं त्यांचं स्वतःचं. त्यातलंही एक लांबचं, छोटं बेट. ऐंशीच्या दशकात मी तिथे मिशनरी होतो. त्या दमट हवेत माझे बूट कुजले, पुस्तकं कुजली. किस्से तेवढे टिकले, आणि ते सांगताना माझं तोंड अजून कडू होतं.

*

मी नगरचा. आमचं घराणं पणजोबांपासून ख्रिस्ती. मिशनच्या छोट्या कोर्सला अमेरिकेत आलो आणि त्यांनी तिथून थेट बेटावर पाठवलं. नगरला आई एकटी, हार्ट पेशंट. "दोन वर्षांत येतो," असं सांगून निघालो होतो. "मी थांबते," ती म्हणाली होती.

बेटावर उतरलो तेव्हा बरोबर बायबलची तीन खोकी होती. राहायचं होतं सीनामावशीकडे. सत्तरीची बाई, मावशी मीच म्हणायला लागलो. तिने एक खोकं उघडून पाहिलं आणि आतून स्वतःचं बायबल आणलं. सामोअन भाषेतलं, हाताळून हाताळून मऊ झालेलं.

"तुझ्या घरात देव कधीपासून?"

"पणजोबांपासून."

"आमच्याकडे त्याच्याही आधीपासून. मग तू इथे कुणाला शिकवायला आलास?"

याचं उत्तर आम्हाला कुठल्याच क्लासमध्ये शिकवलं नव्हतं! जमिनीला ओल यायची, म्हणून मी ती खोकी ओळीने लावली आणि त्यांच्यावर अंथरूण घातलं.

*

मावशीच्या अंगणात झाडाला गॅसचा एक रिकामा सिलिंडर टांगलेला होता. रोज संध्याकाळी ती त्यावर लोखंडी दांडा हाणायची. ही प्रार्थनेची घंटा. ती झाली की गावात कुणी रस्त्यावर दिसता कामा नये. घराघरांत एक गीत, एक प्रार्थना, मग मावशी पुन्हा सिलिंडर वाजवायची आणि गाव मोकळं व्हायचं.

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका आजारी म्हाताऱ्याला भेटायला निघालो आणि घंटेनंतर रस्त्यात सापडलो. दोन आडदांड गडी पुढ्यात उभे.

"बस खाली."

"अहो, मी मिशनरी आहे! प्रार्थना करायलाच चाललोय!"

"मग तुला तर माहीत हवं."

बसलो, दुसरी घंटा होईपर्यंत. गावातल्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब आणि वर छप्पर. त्यामुळे अख्ख्या गावाने मला धुळीत बसलेलं पाहिलं.

आमचे साहेब, पास्टर डग, मोठ्या बेटावर एसी बंगल्यात राहायचे. मी त्यांना हे सगळं खरं खरं लिहून कळवलं. मिशनच्या मासिकात छापून आलं, "आमच्या तरुण सेवकाने भर रस्त्यात प्रार्थना सुरू केली!"

*

पास्टर डग कॅमेरा घेऊन आले तेव्हा रविवार होता. सगळं गाव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बायका हॅट घालून. पास्टरांचा चेहरा उतरला. "यांचे नेहमीचे कपडे नाहीत का?"

"रविवारचे नेहमीचे हेच," मी म्हटलं.

शेवटी त्यांनी घामेजलेल्या शर्टातला माझाच फोटो काढला. मासिकात तो पहिल्या पानावर आला. खाली ओळ होती, "बेटावरचा एक स्थानिक तरुण, ज्याला आमच्या मिशनने प्रकाश दाखवला."

पणजोबांपासूनचा प्रकाश, यार!

मासिक नगरलाही जायचं. आईचं पत्र आलं, "फोटो छान आलाय, पण वाळलास. खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी मासिक मिटून माझ्या हातात दिलं, म्हणाले, चांगलंच लिहिलंय." ते वाचून मला रडू आलं.

*

पुढचं पत्र शेजारच्या काकूंनी लिहिलं होतं. आई अंथरुणाला खिळली होती. मी मिशनच्या वायरलेस रेडिओवरून रजा मागितली.

"तुझ्या जागी कुणाला पाठवू?" पास्टर डग म्हणाले. "बी पॉझिटिव्ह! प्रार्थना कर."

मी दर आठवड्याला रजा मागत राहिलो, आणि दर आठवड्याला मला प्रार्थना करायला सांगण्यात आलं. मग रेडिओवर त्यांचा क्लार्क यायला लागला. साहेब दात दाखवायला होनोलुलूला गेले होते. त्यांच्या जागी कुणाला पाठवावं लागलं नाही.

*

तार आली ती मोठ्या बेटावरच्या ऑफिसात नऊ दिवस पडून राहिल्यावर. टपाल साहेबच उघडत, आणि साहेब दातांसाठी गेलेले. आईला मातीसुद्धा देऊन झाली होती.

मावशीने माझ्या हातातला कागद पाहिला आणि गावात सांगून आली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं. हातांनी विणलेल्या चटया आणल्या, मांसाचे सीलबंद डबे आणले, रीतीप्रमाणे माझ्यापुढे रचले. ज्या बाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी बायका मोठ्याने रडल्या. आठवडाभर रोज कुणी ना कुणी माझ्याजवळ बसून होतं.

आठवड्याने पास्टर डग आले, सांत्वनाला. गळ्यात कॅमेरा होताच. छोट्या विमानाच्या धावपट्टीवरून चालत येता येता घंटा झाली, आणि ते दोघे गडी पुढे झाले.

"बसा खाली."

"मी पास्टर आहे!"

"मग तुम्हाला तर माहीत हवं."

पास्टर बसले, धुळीत, बरोबर मावशीच्या घरासमोर. आम्हाला ते दिसत होते, त्यांना आम्ही.

एक गीत झालं. प्रार्थना झाली. मी सिलिंडरकडे पाहिलं. मावशी उठली नाही.

"तुझ्या आईने किती वाट पाहिली?"

"एकोणीस महिने."

"बरं," ती म्हणाली आणि तिने दुसरं गीत सुरू केलं.